पडद्यावरच्या दोन पायऱ्या

सकाळच्या भातासाठी तांदूळ काढून झाले. माघ्यानं पातेलं कमरेशी धरलं, त्यातली एक मूठ परत पिंपात टाकली, मग दुसरी टाकली, आणि झाकण लावायला वळला तेव्हा त्याची नजर भिंतीवरच्या पडद्यावर गेली. एरवी तो तिकडे बघत नसे. पावसाळा लागायच्या आधी संदीप शेठनं कोठीतल्या प्रत्येक पिंपाखाली आणि डब्याखाली एकेक काळी चकती बसवून घेतली होती. तांदूळ, तूरडाळ, नागलीचं पीठ, तेल, साखर, हॉटेलात जे काही शिजतं ते सगळं आता त्या चकत्यांवर बसलेलं असायचं, आणि कशाचं वजन किती उतरलं ते आपोआप भिंतीवरच्या पाटीएवढ्या पडद्यावर आणि शेठच्या मोबाइलवर उमटायचं. तांदळाची रेघ निळी होती. पातेलंभर तांदूळ निघाले म्हणून ती आत्ता खाली आली होती, एवढं त्याला कळत होतं. पण पडदा जरा मागून हलायचा, आणि त्याच्या देखत ती थोडी वर चढली, थांबली, पुन्हा थोडी वर चढली आणि मग सपाट झाली. दोन बारक्या पायऱ्या. माघ्या झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. या दोन पायऱ्या त्यानं आधी कुठंतरी पाहिल्या होत्या.

हे यंत्र आलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं असं नाही. खरं तर हायसंच वाटलं होतं. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे हॉटेल संदीपच्या वडिलांनी काढलं, तेव्हापासून माघ्या कोठीवर होता. मोठे शेठ रोज गल्ल्यावर बसता बसता हाक मारायचे, 'माघ्या, काय लागेल?' आणि माघ्या एका दमात सांगायचा. ते गेले. संदीपनं बापाच्या तोंडचं 'माघ्या' वारशात घेतलं, हॉटेलासारखंच, पण 'काय लागेल' हा प्रश्न घेतला नाही. तो हिशेबी मुलगा होता, वाईट नव्हता. शनिवार-रविवारी शिरपामाळ बघून परतणाऱ्या गाड्या हॉटेलासमोर उभ्या राहायच्या, पाहुण्यांना नागलीची भाकर आणि पांढराशुभ्र भात दोन्ही हवं असायचं, आणि ऐन गर्दीत काहीतरी संपलेलं असायचं. अलीकडे ते माघ्याच्या लक्षात राहत नव्हतं. कधी त्यानं डाळ मागवायची राहून जायची, तर कधी आहे त्यावरच पुन्हा मागवली जायची. शेठ रागावला नाही. त्यानं चकत्या बसवल्या. आता तांदूळ खुणेच्या खाली गेला की व्यापाऱ्याला परस्पर निरोप जायचा आणि टेंपो दारात यायचा. ठाण्याहून यंत्र बसवायला आलेला तरुण माघ्याला म्हणाला होता, 'आजोबा, आता तुम्ही काही लक्षात ठेवायचं नाही.' ते वाक्य माघ्याला बरं वाटलं होतं. अंगावरून ओझं उतरावं तसं त्याला त्या दिवशी हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची आत्ता, झाकण हातात धरून उभं असताना, त्याला भीती वाटली.

मुठी टाकण्याची सवय आईची. पाड्यावरच्या घरात कुडाच्या भिंतीला लागून शेणानं सारवलेली भाताची कणगी असायची आणि आईचा हात त्यात काखेपर्यंत जायचा. 'काढलास का टाक,' ती म्हणायची. 'नुसतं काढत गेलास तर कणसरी रुसंल.' एक मूठ कणसरीची, धान्याच्या देवीची. असं काही ना काही सगळ्यांकडेच करत. कुणी कणगीच्या बुडाशी थोडं राखून ठेवी, कुणी पहिलं माप तिच्या नावानं बाजूला काढी. पण दुसरी मूठ फक्त त्याच्या आईची होती. माघ्या लहान असताना बाप वसईकडे मिठागरावर कामाला गेला आणि परत आला नाही. मेला असता तर कुणी निरोप आणला असता. निरोपही आला नाही. तेव्हापासून आई दुसरी मूठ टाकायला लागली, बाहेर गेलेल्याच्या नावानं. माघ्यानं एकदा विचारलं होतं, 'तो तर आपलं खात नाय.' आई म्हणाली होती, 'खात नाय. पन त्याचा वाटा हाय.' ती हे इतक्या सहज बोलली की पोराला पुढं काही विचारता आलं नाही. आई गेल्यावर सवय त्याच्या हातात आली. त्याची बायको येसू त्याला हसायची, तिनं कधी ती मूठ टाकली नाही, येसूही गेली. मुलगा मंगेश ठाण्याला कामाला लागला तेव्हा दुसऱ्या मुठीला नवा धनी मिळाला. घरात काय आणि हॉटेलात काय, पिंप कुणाचं का असेना, तांदूळ काढला की माघ्याचा हात आपोआप दोनदा परत जायचा. त्यात त्याला काही देवाचं करतोय असंही वाटत नसे. खोकला आला की तोंडावर हात जातो, तसा तो जायचा.

आणि या दोन पायऱ्या त्यानं शेठच्या मोबाइलवर पाहिल्या होत्या, रुपीला कामावरून काढलं त्या दिवशी. रुपी हॉटेलात भाकऱ्या करायची. तिशीची बाई, खोडाळ्याच्या वाटेवरच्या पाड्यातली, नवरा वर्षातला अर्धा काळ वीटभट्टीवर. पहाटेच्या पहिल्या जीपनं यायची म्हणून दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की कोठीत गोण्यांवर अंग टाकायची आणि डोळा लागला की कशानं जागी व्हायची नाही. माघ्याला ती काका म्हणायची. तव्यावरची शेवटची भाकर मोडून अर्धी त्याच्यापुढं ठेवायची आणि उरलेली अर्धी स्वतः उभ्यानंच खायची. त्या दिवशी शेठ मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्यानं तो सगळ्यांसमोर धरला. दुपारी, चुली बंद असताना, भाताला कुणी तांदूळ मागितला नसताना, तांदळाची रेघ खाली जात होती. एकदा नाही, कितीतरी दुपारी. 'दुपारी कोठीत कोण असतं?' शेठनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. रुपी म्हणाली, 'मी असते. झोपते तिथं. घेत नाय.' मग शेठ माघ्याकडे वळला. 'माघ्या, किल्ली तुझ्याकडे. तू काढलेस?' आणि माघ्या म्हणाला होता, 'नाय.' तो 'नाय' त्याला अजून ऐकू येत होता, स्वच्छ, अजिबात न अडखळलेला. कोठीवर जन्म काढलेल्या माणसाचा 'नाय'. त्यानंतर शेठला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही. रुपीनं माघ्याला विचारलं, 'काका, मी काढताना तुम्ही बघितलं का?' तो म्हणाला, 'मी काय बघितलं नाय.' तेही खरंच होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिनं हातावरचं पीठ धुतलं, पदर सारखा केला आणि ती रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवसापासून शेठनं दुपारची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. गळती थांबली. 'बघ,' शेठ म्हणाला होता, आणि माघ्यानं मान हलवली होती.

पडद्यावर बोट उजवीकडं सरकवलं की मागचे दिवस येतात, हे ठाण्याच्या तरुणानं दाखवलं होतं. माघ्यानं पातेलं खाली ठेवलं, बोट धोतराला पुसलं आणि सरकवलं. सकाळी तो स्वतःच तांदूळ काढून द्यायचा. त्या प्रत्येक सकाळी रेघ खाली जाऊन दोन पायऱ्या वर आलेली होती. ते तर असणारच. तो आणखी मागं गेला. हॉटेलात रुपी होती ते दिवस आले. सकाळची उतरण, दोन पायऱ्या. मग दुपार. दुपारची उतरण लहान होती, पिशवीभर तांदळाची असावी, आणि तिच्या पायथ्याशी एक पायरी, थांबून दुसरी. त्यानं आणखी एक दुपार पाहिली. आणखी एक. एखादी दुपार तरी अशी निघावी की रेघ खाली गेली आणि तशीच राहिली, एखादी तरी चोराची दुपार निघावी, म्हणून तो सरकवत राहिला. ती निघाली नाही. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तांदळाची धूळ तरंगत होती, आणि माघ्या आपल्याच उजव्या हाताकडे बघत होता. तळव्याच्या रेघांत पांढरं पीठ बसलेलं होतं. हा हात त्याच्या मागं काय काय करून आला होता, कुणाच्या पिंपात जाऊन आला होता, ते त्याला हा हात सांगणार नव्हता.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. दुपार म्हटली की त्याला बाहेरच्या ओट्यावरचा बाक आठवे, चिंचेची सावली आठवे, डोळ्यावर येणारी झापड आठवे. त्या झापडेच्या पलीकडं काही नव्हतं. चोरी केलेली आठवली असती तर बरं झालं असतं. माणूस चोर असतो, लाजतो, पाय धरतो, कसा का होईना माणूसच राहतो. इथं तर चोरही हजर नव्हता. गेल्या काही दिवसांतल्या गोष्टी, ज्या त्यानं हसण्यावारी नेल्या होत्या, आता एकेक करून समोर येऊन बसायला लागल्या. खोडाळ्याच्या बाजारात त्यानं सुके बोंबील घेतले होते, बाजाराला एक फेरी मारली होती आणि त्याच बाईकडून पुन्हा बोंबील घेतले होते. ती हसून म्हणाली, 'काका, पाहुणे आलेत का घरी?' आपली चूक झाली हे झाकायला तोही हसला, 'व्हय' म्हणाला. पण घरी पोचेपर्यंत ते 'व्हय' खरं झालं होतं. त्यानं सुनेला जास्तीचं रांधायला सांगितलं आणि तिन्हीसांजेपर्यंत दारात बसून तो येणाऱ्यांची वाट बघत राहिला. कोण येणार होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण येणार होतं याची खात्री होती. कुणी आलं नाही तेव्हा त्याला खरोखर राग आला होता. आत्ता त्याला तो राग आठवला. म्हणजे आपण जे ठामपणे धरून बसलो आहोत त्यातलं काय काय असंच पाहुण्यांसारखं आहे, हे कुणाला विचारायचं?

सुनेला विचारता येत होतं. करिष्मा पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर, घरी, एकटी असायची. घरचा तांदूळ लाल, जाडा; आपल्याच खाचरातला. पण मध्यंतरी आपल्या ताटात पांढरा, बारीक भात पडत होता, हॉटेलात पाहुण्यांना वाढतात तसा, हे त्याला या क्षणी आठवलं, आणि तो मंगेशनं ठाण्याहून आणला असावा असं आपण धरून चाललो होतो हेही आठवलं. त्यानं फोन लावला. रेंज येत-जात होती, म्हणून तो कोठीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

'करिष्मा, घरात तो पांढरा तांदूळ होता, तो कुठला गं?'

'तुम्हीच आणत होता ना बाबा. शेठ देतो म्हणाला होता.'

'मी म्हणालो?'

'तुम्हीच. खुशीत होता तुम्ही. शेठचा माझ्यावर जीव हाय, म्हणाला.' मग ती म्हणाली, 'आता नाय आणत बरेच दिवस. बाबा, तुम्ही जेवला का?'

तो 'जेवतो' म्हणाला आणि फोन ठेवला. शेठचा माझ्यावर जीव आहे. हे त्याला फार लागलं. रोज दुपारी पिशवी भरताना त्या दुसऱ्या माघ्याच्या मनात चोरी नव्हती तर. त्याला वाटत होतं कुणीतरी आपल्याला देतंय. कुणी देत नव्हतं, मोठे शेठ गेल्यापासून कुणी त्याला काही विचारतही नव्हतं, आणि त्यानं आतल्या आत एक देणारा शेठ तयार करून घेतला होता. आणि त्याच्या खुशीची किंमत रुपीनं मोजली होती.

संदीप शेठ जव्हारला गेला होता, सांजेपर्यंत येणार नव्हता. तोपर्यंत हे आपल्याजवळ राहील का, याची माघ्याला शाश्वती वाटेना. नुकताच उलगडलेला एवढा मोठा प्रकार, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट, आणि तो सांजेपर्यंत टिकेल की नाही हे त्याला सांगता येत नव्हतं. रुपीला आधी सांगायला हवं होतं. भातं कापून झाली होती, पाड्यापाड्यांतून माणसं भट्ट्यांवर निघाली होती. तीही निघून गेली तर चोर म्हणून निघून जाईल, आणि भट्टीवरही तिच्या आधी ते नाव पोचलेलं असेल, कारण अशी नावं टेंपोत जागा धरून बसतात. त्यानं पातेलं स्वयंपाकघरात नेऊन दिलं. भाकऱ्या करायला आता जव्हारची एक बाई येत होती. 'जरा जाऊन येतो,' तो तिला म्हणाला. तिनं वर न बघता म्हटलं, 'या. शेठ यायच्या आत या म्हणजे झालं.'

जीप जगनची होती, नेहमीची, मागं माणसं खचाखच. माघ्याला पुढं, जगनच्या शेजारी जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं रिकामी पडली होती, भाताची खुंटं तेवढी उरली होती. उतारावरची नागलीही निघाली होती. एका वळणावर टेंपो उभा होता आणि त्यात हंडे, गोधड्या, पत्रे, बांधलेल्या कोंबड्या आणि माणसं चढत होती. माघ्या ओठातल्या ओठात एकच वाक्य घोळवत होता. तांदूळ मी नेले, रुपीनं नाही. तांदूळ मी नेले, रुपीनं नाही. वळण आलं की त्याला भीती वाटायची की यातलं काहीतरी सांडेल, 'मी' तरी सांडेल किंवा 'नाही' तरी. मधेच त्याला आई आठवली, पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चढ चढताना ती कुणाशी बोलत नसे. मधेच बाप आठवला, म्हणजे बापाचा चेहरा नाही, तो त्याला कधीच आठवत नसे, त्याची पाठ आठवली. तो परत आला नाही की वाट विसरला, हा प्रश्न माघ्याला सगळ्या जन्मात पहिल्यांदा पडला. मिठाच्या पांढऱ्या ढिगांपाशी उभा राहिलेला एक माणूस, ज्याला कुठल्या डोंगराकडं जायचं ते आठवत नाही, आणि इकडं त्याच्या वाट्याची मूठ कणगीत पडतेय. हे असलं मनात आणायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि पुन्हा वाक्य धरलं. जगननं पाड्याच्या फाट्याला जीप थांबवली. कुठं उतरायचं ते माघ्यानं सांगितलं नव्हतं हे खाली उतरून चार पावलं चालल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण वाक्य सांडेल म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

रुपी अंगणात भांडी गोणीत भरत होती. त्याला बघून ती दचकली नाही. तिनं गोणी बाजूला सारली, कुडाला टेकवून ठेवलेलं पोतं अंथरलं आणि आत जाऊन तांब्या आणला. 'बसा काका.'

तो बसला नाही. 'रुपी, तांदूळ मी नेत व्हतो. तू नाय. दुपारचं मीच काढत व्हतो, मला ठाव नव्हतं. त्या पडद्यावर दिसतंय. मी दोन मुठी टाकतो ना परत, त्या दिसतात. माझाच हात हाय तो.'

'व्हय काका.'

'व्हय काय? मी काय सांगतो ते समजलं का तुला?'

'समजलं. पाणी प्या आधी.'

तिच्या या शांतपणाचा त्याला राग आला. एवढं डोंगराएवढं त्यानं वाटभर सांभाळून आणलं होतं आणि तिनं ते भांड्यासारखं बाजूला ठेवून दिलं होतं. 'तुला राग कसा येत नाय?' तो म्हणाला. 'तुला चोर म्हणलं. माझ्यामुळं म्हणलं. मी तिथं उभा राहून नाय म्हणलो.'

रुपी त्याच्यासमोर उकिडवी बसली. 'काका, हे तुम्ही मला सांगलंय.'

'कवा?'

'बाजाराच्या दिशी आलं व्हतं. त्याच्या आधी एकदा. इथंच बसलं व्हतं. तांब्या पन असाच हातात धरला व्हता, प्यायलं नव्हतं.'

माघ्यानं हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग तो पोत्यावर बसला आणि पाणी प्यायला, सगळं, हनुवटीवरून ओघळलं तरी. पाणी गार होतं. ते खाली उतरताना जाणवत होतं, तेवढंच काय ते खात्रीचं होतं. बाजाराचा दिवस. त्यानं तो दिवस शोधला. एक बाजार सापडला, पण तो बोंबलांचा. 'खोटं,' तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

'खोटं कशाला सांगन मी.'

'मग शेठला... मला शेठला सांगायला पायजे. आज आला की सांगतो. दाखवतो त्याला त्या पायऱ्या.'

'दाखवल्या तुम्ही.' ती आता खाली बघून, बोटानं जमिनीवरचं काहीतरी खरवडत बोलत होती. 'मला फोन आलता त्याचा. म्हणला, म्हाताऱ्याला कशाला पाठवतेस माझ्याकडं, तुझ्यासाठी खोटं बोलतो तो. दोन मुठी कुणीबी टाकंल, म्हणला. आन किल्ली खिशात घातली तवापासनं तांदूळ हलला नाय, मग अजून काय पायजे, असं म्हणला.'

म्हणजे ते झालंही होतं. जे करायची त्याला सकाळपासून धास्ती होती ते सगळं त्यानं केलं होतं, शेठसमोर उभं राहून केलं होतं, आणि त्यातून काही निघालं नव्हतं. त्यानं खरं सांगितलं होतं आणि ते दयेपोटीचं खोटं ठरलं होतं. एकदा खोटं सांगितलं होतं, न कळून, तेवढं खरं ठरलं होतं. त्याला वाटलं, रुपीच्या डोक्यात आपण तीन वेळा आहोत. तिथं तीन माघे पोत्यावर बसलेले आहेत, तिघांच्या हातात तांब्या आहे, तिघंही पहिल्यांदाच आल्यासारखे घाबरलेले आहेत. आणि आपल्याजवळ मात्र एकच, हा इथला, आणि तोही सांजेपर्यंतचा. लाज वाटायलाही आधीच्या लाजेवर उभं राहावं लागतं. त्याची लाज दर वेळी नव्यानं सुरू होत होती आणि कुठंच पोचत नव्हती.

'पयल्या खेपेला मी तुम्हाला लय बोलले,' रुपी म्हणाली. 'नाय नाय ते बोलले. तुमच्या मेल्या बायकोवरनं पन बोलले. तुम्ही इथं बसून रडलं. ते तुम्हाला ठाव नाय, ते एक बरं हाय.'

'मला सांग काय बोललीस ते.'

'कशाला. गेलं ते.' मग ती म्हणाली, 'दुसऱ्या खेपेला आलं, तवा समजलं मला तुमचं काय झालंय ते. त्या दिशी मग मी रडले.'

पाड्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी भात झोडत होतं, त्याचा आवाज लयीत येत होता आणि मधेच थांबत होता. माघ्याला वाटलं, हिचे पाय धरावेत, पण तेही आपण आधी धरले असतील, आणि हिनं ते सोडवून घेतले असतील. त्याला काहीही पहिल्यांदा करता येणार नव्हतं.

'तू चल माझ्यासोबत,' तो म्हणाला. 'तुझ्यासमोर सांगतो त्याला. तुला परत घ्यायला लावतो.'

'घेतलं तरी दर दुपारी समदी माझ्याकडंच बघत राहतील काका. मला नाय जायचं आता त्या हाटेलात.' तिनं गोणीचं तोंड ओढलं आणि सुतळीनं बांधायला घेतलं. 'परवा निघायचंय आम्हाला. मुकादमाचा टेंपो येणार, भट्टीवर. घरधनी आधीच गेलाय. समदं बांधून व्हायचंय माझं.'

'मग तुझं नाव?'

सुतळी दातात धरून ती गाठ मारत होती. गाठ बसल्यावर म्हणाली, 'नावाचं काय करू मी? ते काय मी घरी आणू शकत नाय. पन एक सांगते. तुम्ही आलं का मला बरं वाटतं. एवढ्या लांब जीपनं यायचं, आन कुणीतरी येऊन म्हणायचं का रुपी, तू घेतलं नाय. दुसरं कुणी आलं नाय म्हणायला. तिन्ही खेपेला बरं वाटलं मला.'

माघ्यानं तांब्या खाली ठेवला. ऊन अंगणातून सरकून कुडावर चढलं होतं, आणि जीप परतायची वेळ झाली असावी, कारण रुपी उठली, तिनं डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. पाड्यापासून फाट्यापर्यंतची वाट दगडांची होती. ती पुढं चालत होती आणि दर थोड्या वेळानं मागं वळून तो येतोय ना हे बघत होती. माघ्या तिच्या टाचांकडं बघत चालला होता. ती परवा जाणार, तो स्वतःला सांगत होता. परवा ती जाणार, इथं कुणी नसणार, इथं यायचं नाही. हे वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा लांब होतं आणि त्यात धरायला काही नव्हतं. पुन्हा एखाद्या सकाळी आपण कोठीत उभे असू, पुन्हा आपल्याला कळेल, आणि आपण जीवाच्या आकांतानं इथवर येऊ. दाराला कुलूप असेल. कुणाला सांगायचं ते न कळून आपण या अंगणात उभे राहू, आणि ते कुलूप आपल्याला काहीच म्हणणार नाही.

जगनची जीप आली. रुपीनं त्याला पुढं बसवलं, दार ओढून घेतलं आणि लागलं की नाही ते हलवून बघितलं. मग ती गाडीला वळसा घालून जगनच्या खिडकीपाशी गेली. ती हळू बोलत होती, पण माघ्या शेजारीच बसलेला होता.

'काकाला हाटेलापाशी उतरव. सांगल्याशिवाय उतरायचं नायत ते.'

'ठाव हाय,' जगन म्हणाला.

'आन ऐक. परवापासनं त्यांना इथं उतरवू नको. फाट्याला थांबव म्हणालं, रडलं, तरी थांबवू नको. म्हणावं, रुपीनं ऐकलं समदं. किती वेळा विचारलं तरी तेवढंच सांग.'

जगननं मान हलवली आणि गाडी चालू केली.